रेसकारचं व्हिनाइल रॅप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रॅक आणि रॅलीच्या गाड्या सजवणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. रस्त्यावरच्या गाडीचं रॅप वर्षानुवर्षं टिकावं म्हणून लावतात. रेसकारच्या रॅपबाबत आधी बघायचं ते एवढंच, की पुढच्या धडकेनंतर ते किती लवकर बदलता येईल. खालची बरीचशी उत्तरं या एका फरकातून आली आहेत.

१. रॅप म्हणजे शेवटी मोठं स्टिकरच ना?

तत्त्व तेच. पीव्हीसीची, म्हणजेच व्हिनाइलची, पातळ फिल्म, तिच्या पाठीला दाबल्यावर चिकटणारा ॲक्रिलिक गम आणि गमावर सोलून काढायचा कागद. साधं रेडियम स्टिकर सपाट जागेवरच नीट बसतं. रॅपची फिल्म मात्र गरम केली की ताणली जाते आणि बंपरच्या वळणातही बसते. शिवाय चांगल्या रॅप फिल्मच्या गमात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक नाल्या असतात. अडकलेली हवा त्यांतून कडेपर्यंत ढकलत नेता येते, त्यामुळे फुगे राहत नाहीत.

२. मग सरळ रंगच मारला तर काय बिघडलं?

बिघडत काही नाही, वेळ जातो. घासणं, प्रायमर, रंग, लॅकर आणि वाळवणं यात दिवस मोडतात. शनिवारी सरावात बंपर फुटला तर रविवारच्या शर्यतीआधी पेंटिंग होणं अवघड. त्याच बंपरचं छापून ठेवलेलं रॅप मात्र तासाभरात चढतं. स्पॉन्सर बदलला की रंग खरवडावा लागतो, रॅप सोलून निघतं.

बदल किती झाला ते एका उदाहरणावरून कळतं. १९७५ साली फ्रान्समधल्या ले मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत धावलेली शिल्पकार अलेक्झांडर काल्डर यांची बीएमडब्ल्यू ३.० सीएसएल ही रंगवलेली गाडी होती. २०१० साली तिथेच धावलेली कलाकार जेफ कून्स यांची एम३ जीटी२ मात्र डिजिटल छपाई केलेल्या व्हिनाइलने मढवलेली होती. तसलं चित्र हाताने काढायचं म्हटलं असतं तर शर्यत निघून गेली असती.

३. रंग काढून रॅप लावलं तर गाडी हलकी होते असं ऐकलं. खरं का?

अर्धं खरं. हिशेबच करू. ५० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कास्ट फिल्म (प्रश्न ४) आणि तिचा गम मिळून एका चौरस मीटरचं वजन साधारण १०० ग्रॅम भरतं. छपाई करून वर लॅमिनेट, म्हणजे पारदर्शक संरक्षक थर, चढवलं की ते जवळपास दुप्पट होतं. गाडीला २० चौरस मीटर धरले तर साध्या रंगीत फिल्मचे २ किलो, छापलेल्या रॅपचे ४ किलोच्या आसपास. प्रायमरसकटचा नीट मारलेला रंगही याच घरात जातो. म्हणजे उघड्या पॅनेलवर रंगाऐवजी साधी फिल्म लावली तर थोडं वाचतं. रंग तसाच ठेवून वर रॅप चढवलं तर वजन वाढतंच, आणि बहुतेक लोक नेमकं हेच करतात.

ज्यांना ग्रॅमग्रॅमचा हिशेब ठेवावा लागतो ते रंगही टाळतात आणि रॅपही. २०२२ च्या फॉर्म्युला वन गाड्यांना किमान वजनाची मर्यादा ७९८ किलो होती. ती गाठता गाठता अनेक संघांनी गाडीचे मोठे भाग कार्बन फायबरच्या मूळ काळ्या रंगातच उघडे सोडले. क्लब पातळीवर या वादात पडू नका. ड्रायव्हरच्या पोटावर याहून जास्त वाचवता येतं.

४. कास्ट आणि कॅलेंडर्ड फिल्ममध्ये एवढा फरक काय? स्वस्तातली चालणार नाही का?

फरक बनवण्याच्या पद्धतीत आहे. कास्ट फिल्म द्रवरूप पीव्हीसी पातळ ओतून, भट्टीतून नेऊन सुकवतात. तिला कोणी ओढलेलं नसतं, त्यामुळे तिच्यात आतला ताण राहत नाही. कॅलेंडर्ड फिल्म गरम रोलरांमधून लाटत लाटत पातळ करतात. हा ताण ती विसरत नाही. ऊन लागलं की आक्रसायला बघते, कडांवर गमाची काळी रेघ सोडते आणि खोल वळणातून उचलून वर येते. कास्ट साधारण ५० मायक्रॉन असते, कॅलेंडर्ड त्याहून जाड, ७० ते १००.

सपाट दार, ट्रेलरची बाजू, एका शर्यतीपुरता लोगो, एवढ्याला कॅलेंडर्ड खुशाल वापरा. बंपर, मडगार्डची कमान, आरसे आणि मागचा स्पॉयलर इथे कास्टच. पैसे वाचवायचे असतील तर झाकायचं क्षेत्र कमी करा, फिल्मचा दर्जा नको.

५. पूर्ण गाडीला किती फिल्म लागते?

लहान-मध्यम टूरिंग कारला १८ ते २० चौरस मीटर. रंगीत फिल्मचा रोल सहसा १.५२ मीटर रुंद असतो आणि बहुतेक बॉनेट त्यात एका तुकड्यात बसतं. वाया जाणारं धरून थोडं जास्तच मागवा आणि सगळं एकाच बॅचचं घ्या. दोन बॅचच्या लाल रंगांतला फरक रोलवर कळत नाही, शेजारी शेजारी लावल्यावर उन्हात कळतो.

६. डिझाइन छापून घ्यावं की रंगीत फिल्म कापून थर लावावेत?

दोन-तीन सपाट रंग, पट्टे आणि लोगो असतील तर कापलेली रंगीत फिल्म सरस. रंग घट्ट दिसतो, ओरखडा पडला तरी आतून पांढरा दिसत नाही आणि एखादा तुकडा बदलायला सोपा जातो. फोटो, रंगछटांचा उतार किंवा तीसेक स्पॉन्सर असतील तर छपाईच.

छापलेल्या फिल्मवर लॅमिनेट हवंच. त्याशिवाय शाई ऊन, पेट्रोल आणि पुसण्यातच निघून जाते. लॅमिनेटही कास्टच घ्या. कास्ट फिल्मवर कॅलेंडर्ड लॅमिनेट चढवलं तर वरचा थर आक्रसतो आणि खालच्यालाही ओढून नेतो. दुकानदाराला आणखी एक प्रश्न विचारा: शाई कोणती? सॉल्व्हंट किंवा इको-सॉल्व्हंट शाईतलं द्रावण उडून जायला २४ ते ४८ तास द्यावे लागतात. घाईने लॅमिनेट केलं तर ते द्रावण गमात उतरतं, गम मऊ पडतो आणि कडा सुटू लागतात. लेटेक्स शाईला ही वाट बघावी लागत नाही.

७. डिझाइन स्क्रीनवर छान दिसतं, गाडीवर विस्कटतं. काय चुकतं?

गाडी सपाट आहे असं धरून केलेलं डिझाइन असतं म्हणून. दाराची फट, हँडल, पेट्रोलचं झाकण आणि बॉनेटच्या पिना यांवर लोगो येतो आणि त्याचं एखादं अक्षर कापलं जातं. टेम्प्लेटवर, म्हणजे गाडीच्या तयार आराखड्यावर, भरवसा ठेवू नका. रेसकारचे बंपर आणि मडगार्ड रुंद केलेले असतात, टेम्प्लेट मूळ गाडीचं असतं. स्वतःच्या गाडीवर मास्किंग टेप लावून मापं घ्या, समोरून आणि बाजूने सरळ फोटो काढा. प्रत्येक पॅनेलच्या कडेबाहेर ५ ते १० सेंटीमीटर जास्तीचं डिझाइन ठेवा.

लोगो व्हेक्टर फाइलमध्येच मागा, म्हणजे कितीही मोठा केला तरी कडा स्पष्ट राहतात. मोबाइलवरून आलेलं चित्र दारभर मोठं केलं की चौकोन चौकोन दिसतात. स्पॉन्सरच्या रंगाचा छोटा तुकडा त्याच फिल्मवर, त्याच लॅमिनेटखाली छापून दाखवा आणि होकार लेखी घ्या. स्क्रीनवर पाहून दिलेला होकार नंतर कोणाला आठवत नाही.

आणि गाडी ताशी दोनशेने जाताना लोक काय वाचू शकतात याचाही विचार करा. एक मोठं नाव वाचलं जातं, बारा लहान नावांचा ठिपक्यांचा पट्टा होतो.

८. नंबर आणि खुणा कुठेही लावल्या तर चालतात का?

नाही. इथे सौंदर्यापेक्षा नियमपुस्तिका मोठी. नंबराची उंची, रेघेची जाडी, पार्श्वभूमी आणि जागा हे सगळं त्या त्या स्पर्धेच्या नियमांत दिलेलं असतं. डिझाइन सुरू करायच्या आधी ते वाचा आणि आयोजकांच्या सक्तीच्या स्टिकरांची जागा मोकळी सोडा. जागांचे नियम बदलतातही. अमेरिकेतल्या नॅसकारच्या मुख्य मालिकेत २०२२ साली दारावरचा नंबर पुढच्या चाकाकडे सरकवला, कारण मागे स्पॉन्सरला सलग जागा हवी होती.

सुरक्षेच्या खुणांना हात लावू नका. एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटरस्पोर्ट संघटनेच्या नियमांनुसार वीजपुरवठा तोडणाऱ्या स्विचची खूण म्हणजे पांढऱ्या काठाच्या निळ्या त्रिकोणात लाल ठिणगी, त्रिकोणाचा पाया किमान १२ सेंटीमीटर. अग्निशामक बाहेरून सुरू करायच्या जागी लाल काठाच्या पांढऱ्या वर्तुळात लाल 'ई', व्यास किमान १० सेंटीमीटर. ओढायचा हूक पिवळा, लाल किंवा केशरी आणि सहज दिसणारा. आता गाडीच लाल-निळी असेल तर या खुणा तिच्यात हरवतात. त्यांच्याभोवती मोकळी, वेगळ्या रंगाची जागा ठेवा. मार्शलला (ट्रॅकवरच्या मदत कर्मचाऱ्याला) शोधायला लागणारे दोन सेकंद डिझाइनरच्या नावावर जमा होतात.

९. गाडी नुकतीच रंगवली आहे. लगेच रॅप लावू का?

थांबा. ताज्या रंगातून द्रावण बाहेर पडत असतं. वर फिल्म लावली की ते अडकतं आणि फुगे येतात. हवेवर वाळलेल्या रंगाला निदान तीन आठवडे द्या. दुसरा धोका काढताना दिसतो: कच्चा किंवा पुट्टीवर मारलेला रंग फिल्मसोबत सोलून येतो. शंका असेल तर आतल्या कोपऱ्यात तळहाताएवढा तुकडा लावा, एक दिवस ठेवा आणि काढून बघा. फुगे आले किंवा रंग निघाला तर उत्तर मिळालं.

जुन्या रंगाची तयारी म्हणजे साबणाने धुणं, डांबराचे आणि रबराचे डाग काढणं, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं. मेणाचं किंवा सिलिकॉनचं पॉलिश लावलेलं असेल तर ते पूर्ण निघालंच पाहिजे. दाराच्या आतली कड, चाकाच्या कमानीचा ओठ आणि बॉनेटची खालची बाजू या न दिसणाऱ्या जागा दोनदा पुसा. फिल्म पहिली सुटते ती तिथूनच.

१०. आम्ही स्वतः लावू शकतो का?

दारं आणि छत, हो. बंपर आणि आरसे आधी भंगारातल्या भागावर सराव करून. जागा बंदिस्त, धूळ नसलेली, तापमान साधारण २० ते २५ अंश असावं. थंडीत फिल्म कडक होते, कडक उन्हात गम ठेवताक्षणी धरतो.

बॉनेटचं उदाहरण घेऊ. दोघं जण लागतात. फिल्म वर टाकून चुंबकांनी धरा, मागचा कागद काढा आणि दोघांनी चारी बाजूंनी अलगद ओढून ती काचेसारखी ताठ होऊ द्या. सुरकुत्या असतानाच घासायला सुरुवात केली की पुढे त्यांच्याशीच भांडत बसावं लागतं. मग मधून बाहेर स्क्वीजी (फिल्म दाबायची सपाट पट्टी) मारा, प्रत्येक फटका आधीच्या फटक्यावर अर्धा चढलेला. स्क्वीजीची फेल्टची कड ओली ठेवा, ओरखडे पडत नाहीत. सुरकुती आलीच तर दाबू नका. उचला, किंचित गरम करा, फिल्म पुन्हा सपाट होते. खोलगट जागी फिल्म वरून ओढून आत ढकलण्यापेक्षा आधी आत बसवून मग बाहेर या. ताणून बसवलेली फिल्म दोन दिवसांत परत वर येते.

शेवटचं काम बहुतेक जण विसरतात. ताणलेल्या प्रत्येक जागी आणि कडांवर पुन्हा उष्णता द्यायची, बहुतेक कास्ट फिल्मला ९० ते १०० अंशांच्या आसपास. अंदाजाने नाही, इन्फ्रारेड थर्मामीटर लावून. एवढी उष्णता मिळाल्यावरच फिल्म आपला मूळ आकार सोडून नवा धरते.

११. गाडीवरच ब्लेडने कापलं तर रंगाला चरा पडतो. उपाय?

नाइफलेस टेप. ही दोरा असलेली टेप आधी गाडीवर चिकटवायची, वर फिल्म लावायची आणि दोरा ओढला की फिल्म सरळ रेषेत कापली जाते. रंगावरचा चरा पुढे गंजतो, तेवढ्यावर निभावतं. कार्बन फायबरवरचा चरा मात्र धाग्यांपर्यंत जातो आणि पंख किंवा त्याचा आधार असा भार घेणारा भाग कमजोर करू शकतो. अशा भागांवर ब्लेड नको म्हणजे नको.

१२. वेगात कडा उचकटतात. जास्त गम लावू का?

गमाचा प्राइमर, म्हणजे चिकटपणा वाढवणारं द्रव, फक्त खोल वळणं आणि अवघड टोकांपुरता. सगळीकडे फासला तर सीझन संपल्यावर काढताना रडाल. खरा उपाय मांडणीत असतो. कड वाऱ्याच्या तोंडाला उघडी ठेवू नका, ती दुमडून पॅनेलच्या मागे ५ ते १० मिलिमीटर न्या. दोन तुकडे एकमेकांवर येत असतील तर पुढचा तुकडा वर, मागचा खाली, कौलांसारखे. दुमडायला जागाच नसेल तर पारदर्शक कडपट्टी लावा. तरीही उचकटत असेल तर प्रश्न ९ मधली पुसण्याची पायरी राहिलेली असते.

१३. एक्झॉस्ट आणि ब्रेकजवळ फिल्म टिकते का?

चांगल्या कास्ट फिल्म सामान्यतः १०० ते ११० अंशांपर्यंत टिकतात. एक्झॉस्टच्या तोंडाजवळचा बंपर त्याच्या खूप वर जातो. तिथे फिल्म आधी पिवळी पडते, मग आक्रसते. तो भाग मोकळा सोडा किंवा उष्णतारोधक पत्रा लावून मगच आजूबाजूला रॅप करा. पीव्हीसी सहज पेट घेत नाही आणि ज्योत काढली की विझते, पण जळताना त्याचा धूर घातक असतो. इंजिनाच्या कप्प्यात आणि ड्रायव्हरच्या आसपास सजावटीची फिल्म लावण्यात काही अर्थ नाही.

१४. रॅलीत खडी लागून रॅप फाटतं. संरक्षण?

रॅप हे चिलखत नाही. बॉनेटची पुढची कड, बंपर आणि चाकामागचा भाग यांवर पीपीएफ चढवा. ही पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म असते, १५० ते २०० मायक्रॉनची. वजन वाढतं, म्हणून मार बसतो तिथेच.

१५. पॉलिकार्बोनेटच्या खिडकीवर लावलेल्या स्टिकरखाली फुगे येतात. लावणाऱ्याची चूक आहे का?

बहुतेक वेळा नाही. पॉलिकार्बोनेट हवेतली ओल शोषून घेतं आणि गरम झालं की सोडतं. ती वाफ फिल्मखाली अडकते. फुगा टोचला तरी नवा येतो. लहान तुकडा लावून, गरम करून आधी बघा. शक्य असेल तर खिडकीवर छिद्रं असलेली फिल्म वापरा, पण ती समोरच्या काचेवर किंवा ड्रायव्हरला बघायला लागणाऱ्या जागी नको. कडक रसायनांनी पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात, म्हणून तिथे सौम्य साबणपाणीच.

१६. धडकेनंतर पिटमध्ये काय करावं?

जोरात आपटलेल्या भागावरचं रॅप आधी काढा. ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. फिल्म तडा झाकते. कार्बनचा पंख आतून फुटलेला असतो आणि वरून चकचकीत दिसतो. चिकटलेले तुकडे फिल्म धरून ठेवते हा फायदा खरा, पण तो अंतिम रेषेपर्यंतचा. पुढच्या फेरीआधी भाग उघडा करून पाहायलाच हवा.

नंतरची घाई वाचवायची असेल तर पुढचा बंपर, नाक आणि दोन्ही पुढची मडगार्डं यांचे जादा छापील तुकडे सीझनच्या सुरुवातीलाच करून घ्या. प्रत्येकाच्या मागे पॅनेलचं नाव, बाजू आणि दिशा लिहा. ते घडी न घालता नळीवर गुंडाळून ठेवा. सुटा बंपर असेल तर तो रॅप करूनच ट्रकमध्ये ठेवा.

१७. हेल्मेट आणि रोलकेज पण गाडीच्या रंगात रॅप करू का?

रोलकेज नाही. वेल्डिंगचे जोड स्क्रुटिनीला (शर्यतीआधीच्या गाडी-तपासणीला) दिसायला हवेत, तुम्हालाही. हेल्मेटबाबत उत्पादकाची सूचना अंतिम माना. रंग, द्रावण आणि गम यांचा कवचाच्या मटेरियलवर परिणाम होऊ शकतो, साच्यात ओतलेल्या प्लास्टिकच्या कवचावर तर नक्कीच. एफआयएचे नियम हेल्मेटवरच्या स्टिकरांनाही हीच सावधगिरी लावतात. हीट गन हेल्मेटजवळ नेऊच नका.

१८. क्रोम, फ्लुरोसंट, मॅट यांतलं रेसला काय चांगलं?

फ्लुरोसंट लांबून उत्तम दिसते, पण उन्हात वर्ष-दोन वर्षांत विटते. एका सीझनच्या गाडीला त्याने काय फरक पडतो? आरसे आणि बंपरचे कोपरे यांना जरूर लावा, मागच्या-पुढच्या ड्रायव्हरला गाडी दिसते. क्रोम ताण सहन करत नाही, वळणावर धुरकट पडते. मॅटवर रबराचे काळे डाग बसतात आणि घासले तर ती जागा चकाकते. रात्रीच्या शर्यतीत नंबरासाठी परावर्तक फिल्म वापरतात, तिची परवानगी नियमांत बघा.

१९. शार्कच्या कातडीसारखी खोबणीदार फिल्म लावून वेग वाढतो का?

कल्पना खरी आहे. १९८७ च्या अमेरिका कप नौकाशर्यतीत 'स्टार्स अँड स्ट्राइप्स' या नौकेच्या तळाला अशी फिल्म होती, विमानांवरही वापरतात. पण खोबणींची दिशा प्रवाहाशी जुळावी लागते आणि त्या स्वच्छ राहाव्या लागतात. रेसकारवर धूळ, रबर आणि गुंतागुंतीची हवा. त्यापेक्षा कडा नीट बसवा.

२०. धुण्याची आणि पेट्रोल सांडण्याची काळजी?

पेट्रोल सांडलं की तेव्हाच पुसा. साचलेलं पेट्रोल कडेतून गमापर्यंत पोचतं. झाकणाभोवती वेगळा लहान तुकडा लावा, खराब झाला की तेवढाच बदलायचा. प्रेशर वॉशरचं तोंड कडेवर रोखू नका. टायरच्या रबराचे डाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतात, पण छापलेल्या आणि लॅमिनेट नसलेल्या भागावर ते वापरू नका.

२१. काढायचं कधी आणि कसं?

कास्ट फिल्म उभ्या भागांवर पाचेक वर्षं टिकू शकते, बॉनेट आणि छतावर त्याच्या निम्मीही नाही. रेसकारचं रॅप दर सीझनला काढा. जुनं झालेलं रॅप कपच्या कपच्या होऊन निघतं. भाग हाताला सोसेल त्याहून थोडा जास्त गरम करा आणि पृष्ठभागाशी लहान कोन ठेवून सावकाश ओढा. झटका मारला की गम गाडीवर राहतो. जुन्या रॅपवर नवं चढवू नका: वजन दुप्पट होतं आणि खालची सुटलेली कड वरच्यालाही घेऊन जाते.

२२. सीझनच्या मध्यात स्पॉन्सर बदलला. तेवढाच लोगो काढता येईल का?

लोगो वेगळा कापून वर लावलेला असेल तर हो. खाली थोडी न विटलेली सावली दिसते, नवा लोगो तिला झाकेल एवढा मोठा घ्या. लोगो छापलेल्या रॅपचाच भाग असेल तर दोन मार्ग. एक, त्याच रंगाचा चौकोन वरून लावणं. तो लांबून खपतो, फोटोत दिसतो. दुसरा, पॅनेल फटीपासून फटीपर्यंत पूर्ण बदलणं. म्हणून वर्षाच्या मध्यात बदलू शकतील असे स्पॉन्सर सुरुवातीपासूनच वेगळ्या थरात ठेवा आणि मूळ छपाईत फक्त रंग आणि पट्टे घ्या. नवा तुकडा छापताना आधीच्याच फिल्मचं आणि लॅमिनेटचं नाव दुकानाला द्या, म्हणजे निदान चकाकी तरी जुळेल.